दाद न देणारे

३ जानेवारी

प्रिय दादा,

सुखरूप पोचले. हे फोनवरही सांगता आलं असतं, पण या विषयावर आपण बोलायला लागलो की दोन मिनिटांत तुझा आवाज चढतो आणि तिसऱ्या मिनिटाला मी फोन ठेवते. कागदाला तरी तुला शेवटपर्यंत ऐकून घ्यावं लागेल.

निघताना तू जी कोंबडी बर्फात घालून दिलीस, तिचा एक तुकडा मी लॅबमध्ये तपासला. तुला न विचारता तपासला, हे आधीच कबूल करते. गेले दोन महिने आमच्याकडे हेच काम चालू आहे. या शहरातल्या बावीस दुकानांतलं कच्चं मांस आणायचं आणि त्यावर कुठले जंतू आहेत ते बघायचं. बावीसपैकी सतरा दुकानांत जे सापडलं ते बघून माझी भूकच मेली. मग तुझ्या दुकानात काय असेल, हा किडा डोक्यात शिरला तो निघेना.

साध्या भाषेत सांगते. काचेच्या बशीत आम्ही जंतू वाढवतो आणि त्यांच्यावर औषधांच्या बारा चकत्या ठेवतो, शर्टाच्या बटणाहून लहान. औषधानं जंतू मरत असतील तर त्या चकतीभोवती स्वच्छ गोल कडं पडतं. तुझ्या कोंबडीच्या बशीत बारापैकी नऊ चकत्यांभोवती कडंच नाही. जंतू चकतीला खेटून वाढलेत, जणू तिथं काही ठेवलंच नव्हतं. म्हणजे उद्या हा जंतू कुणाच्या रक्तात शिरला, तर ती नऊ औषधं आणि नळाचं पाणी सारखंच.

जंतू असे उगाच निर्ढावत नाहीत. कोंबड्यांना रोज थोडं थोडं औषध मिळत असेल तर निर्ढावतात. तुझा शेडवाला पाण्यात काही घालतो का, त्याला विचार. आणि तोवर एवढं तरी कर. दुकानातला लाकडी ठोकळा बदल, त्याला बोट जाईल एवढ्या चिरा पडल्यात. आणि आईला सांग की कलेजी वर नेऊन स्वयंपाकघरातल्या नळाखाली धुऊ नको. तिथंच ती काकडी-टोमॅटो धुते.

रागावशील हे माहीत आहे. रागावून झालं की ठोकळा बदल.

तुझी चिंगी


११ जानेवारी

चिंगे,

माहेरी यायचं, चार दिवस आयतं खायचं, आणि भावानं मायेनं बांधून दिलेली कोंबडी नेऊन तिचा पंचनामा करायचा! खाल्ल्या घरचे वासे मोजणारे ऐकले होते. तू खाल्ल्या घरचे जंतू मोजलेस.

बाबांनी हे दुकान उघडलं तेव्हा तू पाळण्यात होतीस. तेव्हापासून आजवर एकाही गिऱ्हाइकानं येऊन पोट बिघडल्याचं सांगितलं नाही. तुझं कॉलेज, तुझं ते मायक्रोस्कोपमध्ये डोळा घालून बसणं, सगळं ह्याच चिरा पडलेल्या ठोकळ्यावर झालं. तेव्हा त्याच्यावर जंतू नव्हते वाटतं? आणि कच्चं मांस कुणी चावून खात नाही. उकळत्या भांड्यात कुठला जंतू तग धरतो ते मला दाखव, त्याला मी दुकानात नोकरी देतो.

शेडवाल्याला विचारलं. काही घालत नाही म्हणाला. संपला विषय.

आईला तुझं पत्र वाचून दाखवलं. ती म्हणाली, "लहानपणी दुसऱ्यांच्या डोक्यातल्या उवा काढत बसायची, आता पगार घेऊन काढते." मग बराच वेळ हसत होती. तू फार वाळलीस, असंही म्हणाली. तेवढं मात्र मलाही दिसलं.

ठोकळा बाबांचा आहे. तो आहे तिथंच राहील.

दादा


२ फेब्रुवारी

दादा,

न विचारता तपासलं हे चुकलंच. पण बशी खोटं बोलत नाही रे. शिजवल्यावर जंतू मरतात हे खरं. मी उरलेली कोंबडी शिजवून खाल्लीच की. प्रश्न शिजण्याआधीचा आहे. ज्या हातानं कापलं त्याच हातानं दाराची कडी उघडली, पाण्याचा पेला घेतला, काकडी सोलली. जंतूला भांड्यात शिरायची घाई नसते. त्याला हात पुरतो.

पण आज लिहायला बसले ते आईसाठी. काल फोनवर बोलता बोलता तिनं सहज सांगितलं की लघवीला जळजळ होते. पंधरा दिवस झाले म्हणे! औषधाच्या दुकानातून गोळ्या आणल्या, तीन दिवस घेतल्या, बरं वाटलं म्हणून सोडल्या, पुन्हा सुरू झालं. मी कितीदा विचारलं तर म्हणाली, "या वयात गाडी जरा खडखडतेच. तू तिकडं बसून पाना फिरवू नकोस."

दादा, तिची लघवी कल्चरला पाठव. जंतू कोणता आणि कशानं मरतो ते कळल्याशिवाय आणखी गोळी नको. तीन दिवस लागतात, बाकी काही लागत नाही. एवढं एक माझं ऐक.

इकडं बावीस दुकानांचे रिपोर्ट साहेबांकडे गेले. पुढचं ते बघतील. मी ठीक आहे. नोकरी कायम झाली, ते सांगायचं राहिलंच. आईला सांग.

चिंगी


२१ फेब्रुवारी

चिंगे,

नोकरी कायम झाल्याचं ऐकून आईनं आख्ख्या गल्लीला सांगितलं. ज्यांनी विचारलं नव्हतं त्यांनाही.

तिची तब्येत तशी बरी आहे. मधे ताप आला होता, डॉक्टरांनी गोळी बदलली, उतरला. परवा पुन्हा थोडा आला, पुन्हा बदलली. कल्चरचं मी काढलं होतं. डॉक्टर म्हणाले, पाठवू या. मीच म्हटलं, चार दिवस ही गोळी बघू, नाहीच उतरला तर पाठवू. उगाच तिला हॉस्पिटलात बाटली घेऊन उभं कशाला करायचं. तिला लाज वाटते.

कालपर्यंत ती दुकानात स्टुलावर बसून कलेजी साफ करत होती. आज म्हणाली, पाठ दुखते, वरच थांबते. तुझी वहिनी तिच्याजवळ आहे. धावत येण्यासारखं काही नाही. नवीन नोकरीत लगेच रजा मागू नकोस.

आणि हो, ठोकळा बदलला. पांढरा प्लॅस्टिकचा आणला. त्याच्यावर सुरा बसत नाही, घसरतो. तुझ्या जिवाला शांती मिळो.

दादा


२९ मार्च

दादा,

आईला पोचवून आज तीन आठवडे झाले. तिथं असताना आपण दोघं एकमेकांशी धड चार वाक्यं बोललो नाही. माणसं येत होती, खुर्च्या मांडायच्या होत्या, चहा करायचा होता, बरं झालं.

तू लिहिलंस, धावत येण्यासारखं काही नाही. ते पत्र मला मिळालं त्याच दिवशी वहिनीचा फोन आला, "ताई, त्या ओळखत नाहीयेत." मी पोचले तेव्हा तिच्या हाताला सुया होत्या आणि ती बाबांना हाक मारून सांगत होती की शटर अर्धंच ओढा.

हॉस्पिटलच्या बोळात डॉक्टरीणबाईंनी माझ्या हातात कल्चरचा रिपोर्ट दिला. तू कॅन्टीनमध्ये गेला होतास. त्यात औषधांची यादी असते आणि प्रत्येकापुढं लिहिलेलं असतं, दाद देतो किंवा दाद देत नाही. मी वरची चार नावं वाचली आणि पुढची पाच कागदाकडं न बघता म्हटली. बाई चकित होऊन म्हणाल्या, "तुम्हाला कसं माहीत?" मला कसं माहीत नसेल? जानेवारीत माझ्या टेबलावर तीच बशी होती. तीच नऊ औषधं, जणू माझाच कागद कुणी उतरवून काढला होता.

हा तोच जंतू असं मी शपथेवर सांगणार नाही. तेवढं सिद्ध करायला वेगळी तपासणी लागते आणि त्या तपासणीला द्यायला आता नमुना उरलेला नाही. पण एक विचारते. निघायच्या दिवशी मी आईचं स्टूल शोधायला दुकानामागच्या खोलीत गेले. पिसांच्या पोत्यांमागे एक खोका होता, पांढऱ्या पाकिटांनी भरलेला. पाकिटावर कोंबडीचं चित्र आणि खाली बारीक अक्षरांत औषधाचं नाव. ते नाव त्या नवांपैकी आहे.

शेडवाला काही घालत नाही ना? मग पाकिटं तुझ्या खोलीत का?

चिंगी


१४ एप्रिल

चिंगे,

चार कागद फाडले. हा पाचवा आहे, जसा येईल तसा पाठवतो.

शेडवाला मीच आहे. सहा वर्षं झाली. गावाबाहेरची ती पत्र्याची शेड घेतली तेव्हा तुला सांगितलं नाही, कारण तू नको म्हणाली असतीस. पहिल्या वर्षी हजारातली दोनशे पाखरं मेली. रोज सकाळी दार उघडायचं आणि आधी मेलेली वेचायची. मग कंपनीचा माणूस आला. इस्त्रीचा शर्ट, तुझ्यासारखंच गोड बोलणं. म्हणाला, "हे औषध नाही, टॉनिक समजा. पाण्यात एक चमचा. आजारी पडायच्या आधीच बरी होतात." मेलेली वेचायची थांबली. पाखरं पाच दिवस लवकर भरायला लागली. मी त्या माणसाला देव मानला.

पाकिटावरचं बारीक अक्षर मी वाचलं नाही, असं लिहिणार होतो. खोटं आहे. वाचलं होतं. जानेवारीत तुझं पत्र आलं तेव्हा पाकीट हातात घेऊन बसलो होतो आणि मग तुला लिहिलं, काही घालत नाही.

आता जे सांगतो ते वहिनीलाही माहीत नाही. मला दुकान सोडून जाता यायचं नाही तेव्हा शेडवर आई जायची. पावडर तीच कालवायची. चमचा विरघळत नाही म्हणायची आणि हातानं ढवळायची, कोपरापर्यंत. पाखरं तिच्या पायांत घोटाळायची, तिला ते आवडायचं. तुझं पत्र वाचून दाखवताना मी औषधाची ओळ गाळली. उवांचा विनोद तिनं केला तो अर्ध्याच पत्रावर. पूर्ण ऐकलं असतं तर ती हसली नसती. तिनं त्याच दिवशी सोडलं असतं. ती तशी होती.

आणि ते कल्चर. तुला तेव्हा लिहिलंच होतं, ते चार दिवस मीच मागून घेतले, डॉक्टरांनी नाही.

मला हवं ते म्हण. पण एक गोष्ट मीही विचारतो. वहिनीचा भाऊ तुमच्या शहरात असतो. त्याच्या घराखालच्या मांसाच्या दुकानात भिंतीवर फ्रेम करून प्रमाणपत्र लावलंय. "तपासणीत समाधानकारक." त्यानं मला फोटो पाठवला, कौतुकानं. खाली तुझी सही आहे. सतरा दुकानं खराब म्हणाली होतीस ना? ते दुकान त्या पाचांतलं आहे का?

दादा


५ मे

दादा,

नाही. ते सतरांतलं आहे.

तुला लिहिलं होतं, पुढचं साहेब बघतील. ते अर्धंच होतं. साहेबांनी मला बोलावलं तेव्हा बावीसच्या बावीस फॉर्म टेबलावर होते. म्हणाले, "फॉर्म काय विचारतो? जंतूंची संख्या मर्यादेत आहे का. आहे ना? मग समाधानकारक लिहा. ते औषधाला दाद देतात की नाही, हा रकाना कुठाय दाखवा." मी म्हटलं, रकाना नाही, पण मी शेऱ्यात लिहिलंय. प्रत्येक फॉर्मच्या तळाशी शेऱ्यासाठी दोन ओळी असतात. ते हसले. "शेऱ्यात कविता लिहू नका. नवीन फॉर्म घ्या, शेरा कोरा ठेवा." आणि त्याच श्वासात म्हणाले, "तुमची कायम करायची फाइल माझ्याकडंच आहे."

त्यांनी धमकी दिली नाही. दिली असती तर मी कदाचित भांडले असते. त्यांनी फक्त दोन वाक्यं शेजारी शेजारी ठेवली.

मी बावीस फॉर्म पुन्हा लिहिले. एका दुपारी झाले. पेन बदलावं लागलं नाही. सहा वर्षं कंत्राटावर काढली होती, दर अकरा महिन्यांनी घरी बसवायचे. त्या सहीवर आई गल्लीभर मिरवून आली.

तुझं पत्र वाचून आधी तुझा गळा धरावासा वाटला. मग आरशात कोण आहे ते बघितलं. तू वाचून गाळलंस, मी लिहून गाळलं. एकाच आईची पोरं.

आता मी काय ठरवलंय ते ऐक. वरच्या कार्यालयाला सगळं लिहून देणार आहे. सतरा दुकानांच्या मूळ नोंदी माझ्या वहीत आहेत. माझी सही कशी झाली तेही लिहीन. पण आईचा रिपोर्ट आणि तुझी शेड त्यात घातल्याशिवाय कुणी ते धड वाचणार नाही. सतरा दुकानं म्हणजे आकडा असतो रे. मेलेली बाई म्हणजे बातमी.

तुझं नाव घालू का? तू नाही म्हणालास तर घालणार नाही.

चिंगी


१२ मे

घाल. आईचंही घाल. वय चौसष्ट लिही, हॉस्पिटलनं सत्तर लिहिलंय. तिला ते आवडलं नसतं.

दादा


१८ जुलै

दादा,

दोन महिने गप्प होते, कारण लिहिण्यासारखं काही घडत नव्हतं. आता घडलं.

मला काढलं नाही. काढलं असतं तर बोभाटा झाला असता. लॅबमधून उचलून स्टोअरमध्ये बसवलंय. काचेच्या नळ्या, हातमोजे, टिश्यू पेपर मोजून द्यायचे. नवीन टेबलाला खिडकी आहे. साहेब येता-जाता विचारतात, "कसं काय, मोकळी हवा?"

माझ्या पत्राला उत्तर आलं. दोन ओळींचं. "आपल्या निवेदनाची नोंद घेण्यात आली आहे. मृत्यूच्या दाखल्यावर मूत्रपिंड निकामी होणे व वार्धक्य असे कारण नमूद असल्याने मांसाशी संबंध प्रस्थापित होत नाही." चौसष्टाव्या वर्षी वार्धक्य, दादा! प्रमाणपत्रं रद्द झाली नाहीत. मुदत संपेपर्यंत ती भिंतीवर राहतील. मुदत दोन वर्षांची आहे.

पण माझ्या पत्राचा अगदीच परिणाम झाला नाही असं नाही. गेल्या आठवड्यात फॉर्म नव्यानं छापून आले. गठ्ठा स्टोअरमध्येच आला, मीच सोडला. औषधाचा रकाना घातला असेल म्हणून आधी तोच शोधला. तो नाहीच. तळाच्या त्या दोन ओळी मात्र काढून टाकल्यात. आता फॉर्मात शेराच नाही.

मी ते मोजून दिले. पाच हजार.

तुझं काय चाललंय? वहिनी फोनवर नुसतं "बरं आहे" म्हणते. ते "बरं आहे" मला आता कळतं.

चिंगी


९ ऑगस्ट

चिंगे,

पाकिटं मी आईच्या माघारी पुन्हा हातात घेतली नाहीत. तुला वाटेल, चांगलं केलं. पण सहा वर्षं ज्या पाखरांना रोज टेकू दिला त्यांची ती शेड. एका खेपेला साडेतीनशे मेली. मी पुन्हा सकाळी वेचायला लागलो. जागा कमी, पाखरं जास्त, हवा कोंडलेली. मुळात ती तशी जगूच शकत नव्हती, आम्ही पावडरीनं ते झाकत होतो, हे मला तेव्हा कळलं. अर्धीच पाखरं ठेवून बघितली, तर ती चांगली जगली. पण दुकानाला ती पुरेनात. गिऱ्हाइकं कोपऱ्यावरच्या दुकानात जायला लागली.

मी तुझ्यासारखं लिहिणारा नाही, म्हणून तोंडानं सांगायचं ठरवलं. येईल त्या गिऱ्हाइकाला म्हणायचो, घरी नेल्यावर हात धुवा, सुरा वेगळा ठेवा, माझी आई ह्यानंच गेली. पहिले चार दिवस लोक थांबून ऐकायचे. नंतर वहिनी म्हणाली, "अहो, तुम्ही हे सांगता म्हणून ते कोपऱ्यावर जातात. तिथं कुणी काही सांगत नाही." खरं होतं. मी मात्र सांगत राहिलो. बाबांच्या वेळचा एक म्हातारा शिक्षक तेवढा येत राहिला. तो म्हणायचा, "तू सांगतोस म्हणून येतो." एका म्हाताऱ्यावर दुकान चालत नाही.

गेल्या सोमवारी शटर ओढलं. पूर्ण. आता मी थंड गोदामात मालाची चढउतार करायला जातो. हाताला बरं पडतं, फक्त संध्याकाळी बोटं सुन्न होतात.

शेड विकली. घेणारा तरुण आहे, नुकतं लग्न झालंय, बायको बरोबर आली होती. भली माणसं वाटली. मी दोघांना सगळी शेड फिरवून दाखवली, पत्रे, पाण्याच्या टाक्या, दिवे. मग त्याला बाजूला घेतलं आणि सगळं सांगितलं. पावडर काय करते, तुझी बशी, आईचा ताप, बोळातला तो कागद. पहिल्यांदाच अख्खं सांगितलं, एकही ओळ न गाळता. तो मान खाली घालून ऐकत होता. त्याच्या बायकोच्या डोळ्यांत पाणी आलं. तिनं माझा हात धरला आणि म्हणाली, "फार वाईट झालं हो, काका."

मला वाटलं, चला, दोन माणसं तरी वाचली.

मी किल्ली दिली. तो ती खिशात घालून जरा घुटमळला. मग हळूच, कुणी मोठ्यांना विचारावं तशा अदबीनं म्हणाला, "काका, पण एका टाकीला चमचे किती घालायचे, तेवढं सांगून ठेवा."

दादा